चालत्या चित्राचा थांबा

फ्रीज फ्रेम म्हणजे चित्रफितीतली एकच चौकट सलग पुन्हा पुन्हा दाखवून पडद्यावरची हालचाल गोठल्याचा भास निर्माण करणे. यंत्र थांबत नाही, प्रकाश थांबत नाही, बहुतेक वेळा आवाजही थांबत नाही. फक्त चित्र जागच्या जागी उभे राहते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात आज हे काम मोबाइलवर बोटाच्या एका टिचकीने होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी त्यासाठी मोठ्या शहरातली प्रयोगशाळा, तिथला महागडा ऑप्टिकल प्रिंटर आणि तो चालवणारा जाणकार माणूस लागत असे. चित्रपटाच्या करामतींमध्ये ही दिसायला सर्वांत सोपी. धावत्या चित्रापेक्षा उभे चित्र सोपेच असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सिनेमाची सगळी यंत्रणा चित्र पळवण्यासाठी बांधलेली होती आणि त्याला थांबवण्याची सोय तिच्यात नव्हती.

महाराष्ट्रात चित्र हलवण्याची हौस सिनेमाच्या आधीची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. जादूच्या कंदिलातून पडद्यावर पडणारी ही चित्रे मुळात स्थिर होती. काचा सरकवून, एका चित्रावर दुसरे चित्र आणून त्यांत हालचाल भरावी लागे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या आणि हलणारे चित्र आयतेच समोर आले. तीनच वर्षांत, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईतली एक कुस्ती चित्रित केली. लोकांना हालचालच पाहायची होती. थांबलेले चित्र तर फोटो स्टुडिओत आणि देवघराच्या भिंतीवर होतेच.

दादासाहेब फाळके यांनी चित्रफितीतली सुटी चौकट हे एक साधन आहे, हे फार लवकर ओळखले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते याची एक छोटी चित्रफीत तयार केली. कुंडीसमोर कॅमेरा रोवून ठेवायचा, ठरावीक अंतराने थोडीशीच फिल्म टिपायची आणि सगळे सलग दाखवायचे. बी फुटून वर येणारे रोप पडद्यावर काही क्षणांत वाढते. फ्रीज फ्रेमच्या बरोबर उलटी अशी ही युक्ती आहे. तिथे कित्येक दिवस काही सेकंदांत बसवले जातात, इथे सेकंदाचा चोविसावा भाग ताणून कित्येक सेकंद केला जातो. दोन्हींच्या मुळाशी समज एकच: पडद्यावरचा काळ घड्याळाचा नसून चौकटींच्या संख्येचा असतो.

फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कार दुसऱ्या एका युक्तीवर चालत. कॅमेरा मध्येच बंद करायचा, वस्तू किंवा पात्र काढायचे अथवा आणायचे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. या वेळी दृश्यातल्या बाकीच्या नटांनी तसूभरही हलायचे नाही. हात उचललेला असेल तर तसाच, मान वळलेली असेल तर तशीच. जरा हालचाल झाली की पडद्यावर झटका दिसणार आणि देव प्रकटण्याऐवजी उडी मारून आल्यासारखा वाटणार. म्हणजे त्या काळी थांबत होती माणसे. नाटकाच्या अंकाअखेरीस पडदा पडताना पात्रांनी धरून ठेवलेला टॅब्लो आणि गणेशोत्सवातले जिवंत देखावे यांची सवय असलेल्या नटांना ते अगदीच परके नसावे.

हालणाऱ्या माणसाचे चित्र नंतर थांबवणे मात्र वेगळे. पहिला विचार येतो तो प्रक्षेपकच थांबवण्याचा, आणि तो तत्काळ अंगाशी येतो. चित्रपटगृहातल्या जुन्या प्रक्षेपकात कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा प्रखर प्रकाश फिल्मवर पडे. प्रत्येक चौकट त्या झोतासमोर क्षणभरच थांबे, म्हणून टिके. रीळ अडकले तर समोरची चौकट तापून मध्यभागी तपकिरी होई, बुडबुडे येत आणि पडद्यावर ती वितळताना सगळ्या प्रेक्षकांना दिसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेई. त्यासाठी प्रक्षेपकात उष्णता रोखणारी झडप बसवलेली असे. तंबूतल्या सिनेमात रीळ अडकले की उठणाऱ्या शिट्ट्या ही एका अर्थाने ग्रामीण प्रेक्षकाची गोठलेल्या चौकटीशी पहिली ओळख, पण ती अपघाताने झालेली.

त्यामुळे चौकट प्रक्षेपणाच्या आधीच, फितीवर, गोठवावी लागली. हे काम ऑप्टिकल प्रिंटरवर होई. एका बाजूला प्रक्षेपक, दुसऱ्या बाजूला कॅमेरा, दोघांची तोंडे समोरासमोर. प्रक्षेपकात मूळ निगेटिव्हवरून काढलेली पॉझिटिव्ह लावायची. नेहमी दोघेही एकेक चौकट बरोबरीने पुढे सरकतात. गोठवायची चौकट आली की प्रक्षेपकाला तिथेच उभे करायचे आणि कॅमेऱ्याने तीच चौकट पुन्हा पुन्हा टिपायची. सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने तीन सेकंदांच्या थांब्यासाठी ७२ वेळा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे तीन सेकंदांचा थांबा साडेचार फूट भरतो. संकलक कामाच्या प्रिंटवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करून प्रयोगशाळेला सूचना पाठवी. काम परत येईपर्यंत ती चौकट खरोखर चांगली निवडली आहे की नटाची पापणी अर्धी मिटलेली आहे, हे मोठ्या पडद्यावर पाहायची सोय नसे. निवड चुकली तर पुन्हा पैसे.

या पद्धतीचे काही दोष इतके ठरलेले होते की सराईत प्रेक्षक थांबा येण्याआधीच ओळखत असे. प्रतीची प्रत काढल्याने चित्र किंचित भरड होते आणि काळे-पांढरे जास्त कडक होतात. फक्त गोठलेला तुकडाच प्रिंटरवर केला तर तो जोडताना फरक ठळक दिसे. तो लपवण्यासाठी पुष्कळदा संपूर्ण शॉटच प्रिंटरवरून काढत. मग शॉट सुरू होतानाच चित्र जरा मळकट व्हायचे. दुसरा दोष अधिक मजेदार आहे. फिल्मवरचे रासायनिक कण प्रत्येक चौकटीत वेगळे असतात आणि त्यामुळे चित्र सतत बारीक सळसळत राहते. एकच चौकट गोठवली की ही सळसळही बरीचशी थांबते आणि चित्र एकाएकी निर्जीव, चिकटवल्यासारखे दिसते. त्यावर उपाय म्हणून कसबी तंत्रज्ञ एकीऐवजी शेजारच्या दोन-तीन चौकटी आलटून पालटून छापत. पात्राची हालचाल मंद असेल तरच हे साधे. नाहीतर गोठलेला माणूस थरथरू लागतो.

सिनेमाच्या भाषेत या थांब्याला अर्थ मिळाला तो परदेशात. झिगा व्हर्टोव्हच्या १९२९ च्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये धावणारा घोडा मध्येच थांबतो आणि नंतर त्याच चौकटी संकलक एलिझावेता स्विलोवाच्या टेबलावर फितीच्या रूपात दिसतात, सिनेमा कसा बनतो हे सिनेमानेच दाखवण्याचा तो प्रकार होता. फ्रँक कॅप्राच्या १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये नायकाला हात पसरलेल्या अवस्थेत थांबवून वर स्वर्गातली मंडळी त्याच्याविषयी बोलत राहतात. सर्वांत गाजला तो फ्रान्स्वा त्रुफोच्या १९५९ च्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’चा शेवट. सुधारगृहातून पळालेला मुलगा समुद्राशी येतो, वळून थेट कॅमेऱ्यात पाहतो आणि चित्र थांबते. पुढे काय, हे दिग्दर्शक सांगत नाही. त्यानंतर जगभरातल्या दिग्दर्शकांना शेवटाची ही एक आयती चावीच मिळाली, आणि तिचा वापर पुढे गरजेपेक्षा जास्त झाला.

भारतात तिचा सर्वांत विचारपूर्वक वापर सत्यजित राय यांनी १९६४ च्या ‘चारुलता’त केला. नवरा-बायकोचे हात एकमेकांकडे जातात आणि जुळण्याआधीच चित्र गोठते. मृणाल सेन यांच्या १९६९ च्या ‘भुवन शोम’मध्ये गोठलेल्या चौकटी खट्याळपणे येतात. त्याचे छायाचित्रकार के. के. महाजन हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. ही संस्था १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात उभी राहिली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. त्रुफो, व्हर्टोव्ह यांचे चित्रपट पाहून, संकलनाच्या टेबलावर चौकट चौकट तपासण्याची सवय लागलेली पिढी तिथून बाहेर पडली. त्याच सुमारास मराठी रंगभूमीनेही हा शब्द उचलला. एकांकिका स्पर्धांमध्ये ‘फ्रीज’ म्हणजे सगळ्या नटांनी एकदम पुतळे होणे, आणि त्या पुतळ्यांमधून एखाद्याने पुढे येऊन प्रेक्षकांशी बोलणे. फाळक्यांच्या नटांनी जे यंत्राच्या सोयीसाठी केले, तेच आता सिनेमाच्या नकलेतून रंगमंचावर परतले.

वऱ्हाडातल्या प्रेक्षकापर्यंत हे सगळे उशिरा आणि झिजून पोहोचत असे. बुलढाणा जिल्हा चित्रपट वितरणाच्या ‘सी. पी. बेरार’ विभागात मोडतो. मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत कागदावरून कधीच गेला, पण वितरकांनी नाव सोडले नाही. भुसावळ आणि अमरावती ही या धंद्याची ठाणी. जिल्ह्यातून मुंबई–हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा उत्तरेकडून जातो. खामगावला कापसाच्या व्यापारासाठी घातलेला जलंबचा फाटा आहे, आणि चिखलीकडे रिळांच्या पेट्या रस्त्यानेच यायच्या. मोठ्या शहरात महिनोन्‌महिने चाललेली प्रिंट तालुक्याच्या थिएटरात आणि पुढे जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये यायची तेव्हा तिच्यावर ओरखड्यांचा पाऊस असे. अशा प्रिंटमध्ये फ्रीज फ्रेम आली की एक विचित्र दृश्य दिसे. चित्र स्तब्ध, पण त्याच्यावरून ओरखडे आणि धुळीचे ठिपके धावतच राहिलेले. कारण गोठली होती ती मूळ चौकट. प्रिंटवर मात्र तीन सेकंदांच्या थांब्यात शेजारी शेजारी छापलेल्या तिच्या ७२ वेगवेगळ्या प्रती होत्या आणि प्रत्येकीची झीज वेगळी. उलट एखादा ठिपका चित्राबरोबरच चिकटून बसला असेल, तर तो प्रिंटरवर काम होतानाच पडलेला समजावा.

व्हिडिओने हा सगळा व्यवहार बदलला. भारतात दूरचित्रवाणीची पाल पद्धत होती. तिच्यात सेकंदाला २५ चौकटी आणि प्रत्येक चौकटीचे दोन अर्धे: आधी विषम क्रमांकाच्या ओळी, मग सम ओळी. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. त्यामुळे धावणाऱ्या माणसाची पूर्ण चौकट गोठवली की त्याचे पाय दोन जागी दिसतात आणि चित्र फडफडते. एकच अर्धा गोठवला तर फडफड जाते, पण बारकावा निम्मा होतो. व्हीएचएस प्लेअरवर ‘पॉज’ दाबले की टेप थांबते, पण तिला चिकटलेले ड्रमवरचे हेड फिरतच राहून तीच रेघ पुन्हा पुन्हा वाचतात. म्हणून चित्र दिसते, आणि म्हणूनच टेप एका जागी घासली जाते. काही मिनिटांनी प्लेअर आपोआप बंद होई तो बिघाड नव्हता. टेप वाचवण्यासाठी ठेवलेली ती सोय होती.

क्रीडा प्रक्षेपणात थांबलेल्या चित्राची गरज सर्वांत आधी भासली. अँपेक्स कंपनीने १९६७ मध्ये चुंबकी चकतीवर काही सेकंदांचे चित्रण साठवून ते हळू किंवा थांबवून दाखवणारे यंत्र आणले. अशा थांबवलेल्या चित्राचा मराठी घराघरांशी आलेला संबंध कडू आहे. १४ नोव्हेंबर १९९२ रोजी दर्बानच्या कसोटीत सचिन तेंडुलकर धावचीत झाला, तो तिसऱ्या पंचाने टीव्हीवरचे चित्र पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज. सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणारा माणूस पाल पद्धतीच्या दोन चौकटींमध्ये २४ सेंटिमीटर पुढे जातो, अर्ध्या-अर्ध्यांत पाहिले तर १२. क्रीजच्या रेषेवरचा वाद नेमका एवढ्याच अंतराचा असतो. पुढे जास्त चौकटी टिपणारे कॅमेरे का आले, हे या आकड्यांवरूनच कळते.

खेड्यापाड्यांत हे तंत्र रुजले ते लग्नामुळे. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, त्यामागोमाग व्हिडिओ आला, आणि काही वर्षांत बँडवाला, मांडववाला यांच्या यादीत शूटिंगवाला दाखल झाला. तो बहुधा आधी फोटोग्राफर असे. दिवसभराचे चित्रण, मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मिक्सिंग, आणि शेवटी तीन तासांची ई-१८० कॅसेट. मिक्सिंगच्या खोलीत दोन-तीन व्हीसीआर आणि पॅनासॉनिकचा डब्ल्यूजे मालिकेतला मिक्सर असे. आलेल्या चित्राची एक पूर्ण चौकट स्मृतीत साठवून ठेवण्याची ताकद या मिक्सरमध्ये होती. त्यावर ‘स्टिल’ आणि ‘स्ट्रोब’ अशी बटणे असत. पहिले चित्र थांबवी, दुसरे ते टप्प्याटप्प्याने थांबवत नेई. प्रयोगशाळेतला ऑप्टिकल प्रिंटर अशा रीतीने एका बटणात आला.

हे बटण चालत्या टेपवर दाबावे लागे, आणि कसब सगळे तिथेच. अंतरपाट खाली जातो, शेवटच्या ‘सावधान’बरोबर अक्षता उडतात, नवरी मान वर करते, या एवढ्या वेळात बोट पडले पाहिजे. अर्धा सेकंद उशीर झाला की नवरदेवाच्या तोंडासमोर कोणा मामाचा हात. मग टेप मागे घ्यायची, थोडी आधीपासून चालवायची, दुसऱ्या यंत्राचे रेकॉर्डिंग जुळवायचे आणि पुन्हा दाबायचे. प्रत्येक प्रतीत रंग फिके पडत आणि लाल रंग पसरे. नवरीचा शालू त्यामुळे कडेने विरघळल्यासारखा दिसे. गोठलेल्या चित्रात अक्षतांचे दाणे कधीच दाण्यांसारखे दिसत नसत. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या उघडझापीत सेकंदाला तीन मीटर वेगाने पडणारा दाणा सहा सेंटिमीटर सरकतो, म्हणून दाण्याऐवजी रेघ उमटते. त्या पिढीच्या लग्नाच्या कॅसेटींमध्ये नवरा-नवरीवर रेघांचा पाऊस पडताना दिसतो तो यामुळे. थांबलेल्या चित्राभोवती बदामाचा आकार, खाली नावे, मागे सिनेमाचे गाणे, असा ठरलेला मेळ बसला. शहरी समीक्षकाने नाक मुरडावे असे ते होतेही. पण ज्या घरात एकच ग्रुप फोटो होता, तिथे कोणता क्षण धरून ठेवायचा हे ठरवण्याची सोय पहिल्यांदाच आली, आणि घरच्यांनी ती हौसेने वापरली.

संगणकाने बोटाची घाई संपवली. अ‍ॅव्हिड १९८९ मध्ये आणि अ‍ॅडोबी प्रीमियर १९९१ मध्ये आले; लग्नाच्या धंद्यात मात्र कॅनोपस कंपनीचे एडियस अधिक पसरले, कारण जुळवून आणलेल्या साध्या संगणकावरही ते लांबलचक चित्रण बिनबोभाट चालवी. टाइमलाइनवर रेघ एकेक चौकट सरकवायची, डोळे उघडे असलेली चौकट शोधायची, क्लिप तिथे कापायची आणि पुढच्या तुकड्याला ‘फ्रीज’ किंवा ‘होल्ड’ करायचे. प्रीमियरमध्ये यासाठी दोन आज्ञा आहेत: एक तिथपासून पुढचे चित्र गोठवते, दुसरी मध्ये थांबा घालून नंतर हालचाल पुन्हा सुरू करते. कॉलेजातली मित्रमंडळी एकेक करून थांबतात आणि शेजारी नाव उमटते, ही आजची आवडती तऱ्हा दुसऱ्या आज्ञेवर चालते. त्यात व्यक्ती कापून वेगळी करायची, कडेने पांढरी रेघ द्यायची आणि मागची पार्श्वभूमी रंगवायची. आवाज तोडायचा की चालू ठेवायचा हा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो. मंगलाष्टके चालू असताना थांबलेले चित्र भरीव वाटते, आवाजासकट थांबवले तर प्लेअर अडकल्याचा संशय येतो.

टीव्ही मालिकांनी या काळात थांब्याला रोजचे काम लावले. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई-टीव्ही मराठी या वाहिन्या सुरू झाल्या. दैनंदिन मालिकांत भागाचा शेवट म्हणजे चकित झालेल्या चेहऱ्यावर चित्र गोठणे, हा शिरस्ता पडला. त्रुफोने जो प्रश्न प्रेक्षकावर कायमचा सोडला होता, तो इथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरतो.

चित्राच्या दर्जातला फरक फोटो छापताना कळतो. पाल व्हिडिओची चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजारांची. तिचा पोस्टकार्डाएवढा फोटोसुद्धा धड निघत नसे. फोर-के चौकटीत ३८४० बाय २१६० ठिपके असतात, पालच्या बरोबर वीसपट. त्यामुळे व्हिडिओतूनच अल्बमसाठी फोटो काढणे आता शक्य झाले आहे, आणि मांडवात फोटोग्राफर व व्हिडिओवाला दोघे वेगळे कशाला, असा हिशेब काही घरांत होऊ लागला आहे. अट एकच: कॅमेऱ्याचा शटर वेग वाढवलेला हवा, नाहीतर ठिपके कितीही असोत, हलणारा हात पुसटच राहतो.

साठवणुकीच्या दृष्टीने गोठलेले चित्र आता सर्वांत स्वस्त आहे. डिजिटल व्हिडिओत प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. एक पूर्ण चौकट आणि पुढच्यांत फक्त काय बदलले याची नोंद, अशी रीत असते. थांब्यात काहीच बदलत नाही, म्हणून त्याला जवळपास जागाच लागत नाही. याच रचनेमुळे न मागता येणारी फ्रीज फ्रेमही वाढली आहे. पावसाळ्यात छतावरच्या डिशचा सिग्नल तुटला किंवा लग्नाचे थेट प्रक्षेपण चालू असताना गावातले नेटवर्क गेले, की बदलाची नोंद पोहोचत नाही आणि टीव्ही किंवा मोबाइल हाती असलेली शेवटची चौकट धरून बसतो. ती निवडायला कोणी संकलक नसतो. पापणी अर्धी मिटलेली असेल तर तशीच राहते, नेटवर्क परत येईपर्यंत.